१७ नंबरचा पावणेसव्वीस तासांचा दिवस

सई, माझी भाची, लॅपटॉप घेऊन आली तेव्हा चेहरा फुललेला होता. "मामा, चारही सिग्निफिकंट आले!" म्हणजे चारही आकडे निव्वळ योगायोगाचे नाहीत, असा संगणकाचा शेरा. पोषणशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या मुलीला दुसऱ्या वर्षी याहून गोड वाक्य नसतं. तिने वाटेत दोन प्लेट सेव-उसळ बांधून आणली होती, म्हणजे पेढेच म्हणायचे.

विषय साधा होता. आठ ते अकरा वर्षांची मुलं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात आणि त्याचा त्यांच्या वजनाशी काय संबंध. ४१ मुलं, सगळी बडोद्यातली आणि बहुतेक मराठी घरांतली, कारण ती ओळखीपाळखीने मिळाली. काही रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या वाड्यांतली, काही वासणा रोडकडच्या सोसायट्यांतली. प्रत्येक घरी एक छापील तक्ता दिला होता. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ चौकोन आणि प्रत्येक चौकोनासमोर चार रकाने: झोप, बैठक, हलकी हालचाल, दमवणारा खेळ. वर्ग, ट्यूशन, टीव्ही, मोबाइल हे बैठकीत. आंघोळ, दप्तर भरणं, दुकानात जाऊन येणं हे हलक्यात. घाम येईल ते शेवटच्या रकान्यात. उंची आणि वजन सईने स्वतः मोजलं होतं. मुलांना नावं नाहीत, नंबर.

मी तिच्या रिग्रेशनचा, म्हणजे मिनिटांवरून वजनाचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणाचा, तक्ता वाचला आणि प्लेट बाजूला ठेवली. त्यात प्रत्येक रकान्याच्या मिनिटांना एक गुणक असतो आणि वर एक स्थिरांक मिळवायचा असतो. झोपेचा गुणक अधिक. बैठकीचा अधिक. हलक्या हालचालीचा अधिक. खेळाचाही अधिक. म्हणजे मूल झोपलं तरी वजन वाढतं, बसलं तरी वाढतं, पळालं तरी वाढतं. आणि वर स्थिरांक असा प्रचंड उणे, की काहीच न करणाऱ्या मुलाचं अस्तित्वच संपावं.

"काहीच न करणारं मूल म्हणजे कोण गं?" मी विचारलं.

ती हसली. मग थांबली. दिवसात शून्य मिनिटं झोप, शून्य बैठक, शून्य हालचाल, शून्य खेळ, असं मूल नसतं. चारही रकान्यांची बेरीज १४४० व्हायलाच हवी.

मी तीस वर्षं एका रासायनिक कारखान्याच्या क्वालिटी खात्यात काढली. तिथे बॅचमधल्या घटकांची टक्केवारी यायची, बेरीज शंभर. एक घटक वाढला की दुसरा कुठला तरी घटणारच, त्यात रसायनशास्त्र काही नसतं. नवीन आलेला प्रत्येक पोरगा पहिल्या महिन्यात "सर, हे दोन घटक एकमेकांच्या विरुद्ध चालतात" असा शोध लावून यायचा. म्हणून सईच्या तक्त्यातला घोळ मला पटकन दिसला. यात हुशारी नाही, मार खाल्लेला माणूस आहे.

पण एक प्रश्न मलाही पडला. चार रकान्यांची बेरीज प्रत्येक मुलाची १४४० असेल, तर चारही एकदम रिग्रेशनमध्ये घातल्यावर संगणकाने हात वर करायला हवे होते. तीन माहीत असले की चौथा आपोआप ठरतो, मग चौथ्याचा वेगळा गुणक काढायचा कुठून? अशा वेळी सॉफ्टवेअर एक रकाना गाळतं किंवा त्याच्यासमोर रिकामं सोडतं. इथे मात्र चार गुणक ऐटीत उभे होते.

"बेरजेचा रकाना काढ," मी म्हटलं.

बहुतेक ठिकाणी १४४०. चार-पाच मुलांच्या तक्त्यात एखाददुसरा चौकोन कोरा राहिलेला, म्हणून १४२५ किंवा १४१०. आणि १७ नंबरपुढे १५४५. पावणेसव्वीस तासांचा दिवस.

मूळ कागद तिच्या फाइलमध्ये होता. रात्री नऊपासून पावणेअकरापर्यंतच्या सात चौकोनांत दोन-दोन खुणा. एक निळ्या पेनची, झोपेच्या रकान्यात, थरथरत्या हाताची. दुसरी काळी, बैठकीच्या रकान्यात, ठसठशीत. १५ गुणिले ७, १०५ मिनिटं जास्तीची. आणि हा मुलगा यादीतल्या जड मुलांपैकी.

आता गंमत पाहा. सगळ्यांची बेरीज १४४० असती, तर चारही गुणकांत एकच आकडा मिळवून आणि स्थिरांकातून त्याच्या १४४० पट वजा करून अंदाज जसाच्या तसा राहिला असता. तो आकडा ठरवायला काहीच आधार नव्हता. आधार मिळाला तो फक्त बेरीज चुकलेल्या मुलांचा, आणि त्यांत सर्वांत मोठी चूक १७ नंबरची. त्याच्याकडे १०५ मिनिटं जास्त आणि वजनही जास्त, म्हणून संगणकाने सरळ निष्कर्ष काढला की मिनिटं वाढली की वजन वाढतं. कसलीही मिनिटं. ४० मुलांची मेहनत एका पोराच्या दोनदा मारलेल्या खुणांवर डोलत होती. गुणकांमधले फरक, म्हणजे झोप वजा बैठक, खेळ वजा बैठक, तेवढे बरे होते, कारण मिळवलेला आकडा वजाबाकीत उडून जातो. सुटे गुणक मात्र कचरा. सईने ज्या ओळीला हिरवा रंग दिला होता ती नेमकी कचऱ्याची होती.

बेरजा दुरुस्त केल्यावर अपेक्षेप्रमाणे एक रकाना रिकामा आला. "मामा, आता तर उत्तरच येत नाही," सई रडकुंडीला. मी म्हटलं, अगं, हेच पहिलं खरं उत्तर आहे.

तिच्या मार्गदर्शकांनी फोनवर उपाय सांगितला: एक रकाना गाळ, झोप गाळ, प्रश्न मिटला. मिटत नाही, पण चूकही नाही. झोप गाळली की बैठकीच्या गुणकाचा अर्थ "बैठकीचा परिणाम" असा राहत नाही. तो होतो "झोपेतून काढलेलं एक मिनिट बैठकीत घातलं तर काय". बैठक गाळली की खेळाचा गुणक म्हणजे "बैठकीतून काढून खेळात". सईने चारही प्रकारे करून पाहिलं. खेळाचा गुणक दर वेळी वेगळा आला, एकदा सिग्निफिकंटच्या ताऱ्यासकट, दोनदा ताऱ्याशिवाय, आणि एकदा खेळच गाळलेला. "यातलं खरं कुठलं?" चौथीतल्या मुलाला हात धरून टीव्हीसमोरून उठवलं आणि अंगणात ढकललं, तर एक गोष्ट होते. त्याच मुलाला पहाटे अंथरुणातून ओढून ग्राउंडवर नेलं, तर दुसरी. दोन्ही वेळा खेळ पंधरा मिनिटांनीच वाढला. उत्तर वेगळं येणारच, कारण प्रश्न वेगळा.

आमच्याकडे घराघरांत हा वाद चालतो तो अर्धाच असतो. "याला जरा खेळायला पाठव." कशातून काढून, ते कोणी बोलत नाही.

तिच्या प्रबंधात आणखी एक परिच्छेद होता: "जास्त झोपणारी मुले कमी बसतात असे आढळले." सहसंबंध ठळक उणे, म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं. मी तिला कागदावर दाखवलं. बेरीज पक्की असेल, तर झोपेचे बाकी तिघांशी असलेले सहप्रसरण (दोन आकडे किती सोबत हलतात त्याचं माप) मिळवले की झोपेच्या प्रसरणाइतकी (झोपेचे आकडे किती विखुरलेत त्या मापाइतकी) रक्कम येते, पण उणे चिन्हासकट. म्हणजे तिघांपैकी निदान एकाशी झोपेचा संबंध उणे निघणार, मुलं काहीही करोत. चोवीस तासांच्या मोठ्या वाट्याचे दोनच मानकरी, झोप आणि बैठक, म्हणून भांडण बहुतेक त्या दोघांतच दिसतं. कार्ल पिअर्सनने गुणोत्तरांतल्या अशा फसव्या सहसंबंधाबद्दल १८९७ साली इशारा दिला होता. पुढे जवळजवळ शतकभर भूगर्भशास्त्रज्ञ दगडांतल्या घटकांच्या टक्केवाऱ्यांवर तेच सहसंबंध काढत राहिले. जॉन एचिसन या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञाने १९८२ साली त्यावर रीतसर इलाज मांडला. मुलांच्या दिवसावर तो इलाज सर्रास वापरला जाऊ लागला तो गेल्या दहा-बारा वर्षांतच. मला तो कारखान्यात भेटला होता, रंगाच्या डब्यात.

इलाज असा: मिनिटं बघू नका, गुणोत्तरं बघा, आणि गुणोत्तरांचे लॉग घ्या, म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम, ज्यात पटींचा हिशेब बेरीज-वजाबाकीत येतो. चार भाग असले तरी स्वतंत्र माहिती तीनच आकड्यांची असते, तेव्हा तीनच लॉग-गुणोत्तरं करायची आणि ती रिग्रेशनमध्ये घालायची. पहिल्यात खेळ विरुद्ध बाकी तिघांचा गुणोत्तर मध्य (तिघांच्या गुणाकाराचं घनमूळ), दुसऱ्यात झोप विरुद्ध उरलेले दोन, तिसऱ्यात बैठक विरुद्ध हलकी हालचाल.

१७ नंबरच्याच दिवसावर करून पाहिलं. दुहेरी खुणा तात्पुरत्या झोपेच्या धरल्या: झोप ५५५, बैठक ५८५, हलकी हालचाल २५५, खेळ ४५. बेरीज १४४०. पहिल्या तिघांचा गुणोत्तर मध्य येतो साधारण ४३६. खेळाचं त्याच्याशी गुणोत्तर ०.१०३. बैठकीतली पंधरा मिनिटं खेळात घातली तर ते होतं ०.१३९, लॉगमध्ये वाढ ०.३०. उलट खेळातली पंधरा मिनिटं बैठकीत गेली तर ०.०६८, लॉगमध्ये घट ०.४१. मिनिटं तीच पंधरा, पण घेताना जास्त जातं आणि देताना कमी मिळतं. सईला हे आधी हातचलाखी वाटली. मग मी विचारलं, पाऊण तास खेळणाऱ्याचा पाव तास काढला तर काय गेलं? एक तृतीयांश. आणि सव्वानऊ तास झोपणाऱ्याचा पाव तास गेला तर? तीन टक्केसुद्धा नाही. घरातला प्रत्येक खर्च आपण असाच मोजतो, शंभर रुपये कोणाच्या खिशातून गेले ते बघून. मुलाच्या दिवसाला मात्र आपण सगळी मिनिटं सारखी धरतो.

एक अडचण लगेच उभी राहिली. पाच मुलांच्या खेळाच्या रकान्यात शून्य, आणि शून्याचा लॉग निघत नाही. शून्याचे दोन प्रकार असतात. एक खरंच शून्य, दुसरं मोजणीच्या जाळीतून निसटलेलं. शाळेच्या मधल्या सुट्टीत आठ मिनिटं धावलेल्या पोराचं धावणं पंधरा मिनिटांच्या चौकोनात मावत नाही, आई तिथे "बैठक" लिहून मोकळी होते. आठ-दहा वर्षांचं मूल दिवसभरात एक मिनिटही पळालं नाही, यावर माझा विश्वास नाही, म्हणून दुसरा प्रकार धरला. प्रचलित रीतीप्रमाणे मोजणीच्या मर्यादेच्या ६५ टक्के, म्हणजे पावणेदहा मिनिटं, त्या जागी घातली आणि तेवढीच बाकी तिघांतून प्रमाणात कापली, बेरीज न बिघडवता. हा आकडा बदलून पाहिला तर उत्तर किती हलतं, तेही तिला करून ठेवायला सांगितलं. हललं, पण दिशा तीच राहिली.

इथपर्यंत एका बाजूची कथा. समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला सईने चक्क किलो ठेवले होते.

अकरा वर्षांचं मूल आठ वर्षांच्या मुलापेक्षा जड असतं आणि कमीही झोपतं. मग "कमी झोप, जास्त वजन" हा निष्कर्ष वयाचा असतो, झोपेचा नाही. तिला हे माहीत नव्हतं असं नाही, घाईत राहून गेलं. बीएमआय, म्हणजे किलोंतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, घेतला तरी भागत नाही, कारण मुलांचा बीएमआय वयानुसार सरकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संदर्भ तक्त्यात दहा वर्षांच्या मुलग्याचा मध्यक, म्हणजे अगदी मधल्या मुलाचा आकडा, १६.४ आहे, एक प्रमाण विचलन (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) वर १८.५, दोन वर २१.४. एकच्या वर जादा वजन, दोनच्या वर स्थूलता. १७ नंबर बरोबर दहा वर्षांचा, उंची १३८ सेंटिमीटर, वजन ३८ किलो, बीएमआय जवळजवळ २०. हाच आकडा त्याच्या बाबांनी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये घातला असेल तर "नॉर्मल" असा हिरवा शेरा मिळाला असेल, कारण ते यंत्र मोठ्या माणसांचं. दहा वर्षांच्या तक्त्यात तो दीड विचलन वर बसतो. सईने सगळ्यांसाठी वय आणि लिंगानुसार असे झेड-स्कोअर, म्हणजे मध्यकापासून किती विचलनं वर किंवा खाली, काढले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्तेही आहेत, त्यात सीमारेषा प्रौढपणीच्या २३ आणि २७ बीएमआयशी जोडलेल्या, कारण आपल्या लोकांत त्याच बीएमआयला चरबी जास्त असते. रिग्रेशनसाठी एकच तक्ता शेवटपर्यंत धर, एवढं बजावलं. मधेच बदललास तर कोणी माफ करणार नाही.

तिची खरी कमजोरी वेगळीच होती आणि तिच्यावर लॉगचा इलाज चालत नाही. तक्ते भरले गेले ऑक्टोबरच्या दोन आठवड्यांत, आणि त्यात नऊ मुलांचा दिवस नवरात्रीत पडला. बडोद्यात नवरात्रीत मुलांची झोप मोजायची म्हणजे उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, अगाशीवर किती जण चढले ते मोजण्यासारखं आहे. दोन मुलींच्या तक्त्यात दमवणारा खेळ पावणेतीन तास, झोप सहा तास. गरबा हा खेळच आहे, घाम तर विचारू नका, पण तो वर्षातल्या नऊ रात्रींचा. त्या नऊ मुलांकडून दिवाळीनंतर, शाळा सुरू झाल्यावर, पुन्हा तक्ते भरून घ्यायला लावले. सई कुरकुरली, गेली.

शिवाय तक्ता म्हणजे आठवण. कराटेचा एक तास आई चार चौकोन भरून लिहिते, त्यातली वीस मिनिटं पोरगं रांगेत उभं असतं. बॅटिंगची पाळी येईपर्यंत भिंतीवर बसलेला मुलगाही "क्रिकेट, एक तास". कमरेला बांधायचं, हालचाल मोजणारं ॲक्सेलरोमीटर असतं तर फरक कळला असता, पण ४१ यंत्रं आणायची कुठून? या गावात व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात घाम गाळलेल्यांच्या नातवंडांचा घाम आम्ही पेनाच्या खुणांवरून मोजत होतो.

शेवटी जे आलं ते छोटं होतं. वय आणि लिंग धरून, बाकी दिवसाच्या तुलनेत खेळाचा वाटा मोठा असलेल्या मुलांचा झेड-स्कोअर थोडा खाली. झोप विरुद्ध बैठक यांत विश्वासांतर, म्हणजे खरं उत्तर जिथे असू शकतं तो पट्टा, शून्याच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरलेलं, म्हणजे ४१ मुलांवरून बोलण्यासारखं काही नाही. आणि जे खाली दिसलं त्याचीही दिशा ठरत नाही. कमी खेळतो म्हणून जड, की जड आहे म्हणून पोरं त्याला टीममध्ये शेवटी घेतात? एका दिवसाच्या तक्त्याला ते विचारून उपयोग नाही. सईने हे सगळं तसंच लिहिलं. हिरवी ओळ गेली. तिच्या मार्गदर्शकांना प्रकरण "जरा फिकं" वाटलं. मला विचाराल तर तिचं पहिलं खरं काम तेच.

राहिला १७ नंबर. सात चौकोन झोपेचे धरायचे की बैठकीचे? बैठकीचे धरले तर त्याची झोप साडेसात तास, झोपेचे धरले तर सव्वानऊ. कॅनडाच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत पाच ते तेरा वयाला नऊ ते अकरा तास झोप सांगितली आहे. म्हणजे एका बाजूने पोरगं पास, दुसऱ्या बाजूने नापास, तेही दोन पेनांच्या भांडणात. सरासरी घेऊ का, सईने विचारलं. मी म्हटलं, घरी जाऊन विचारू. पायी दहा मिनिटांवर तर आहे.

आजी जिन्याशीच भेटल्या. निळं पेन त्यांचं. "मी खरं तेच लिहिलं. सिरियल मी बघते. हा माझ्या मांडीवर डोकं ठेवतो आणि पहिल्या ब्रेकलाच गार."

काळं पेन आईचं. त्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "मी आतून बघते तर टीव्ही चालू आणि हा समोर. मी लिहिलं टीव्ही. पावणेअकराला उचलून पलंगावर टाकते, तेव्हा डोळे उघडतो, पाणी मागतो, मग झोपतो."

सईने सातही काळ्या खुणा खोडल्या. पाणी मागण्याला तक्त्यात रकाना नव्हता.

आईंनी तक्ता हातात घेतला. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, याचे पंचेचाळीस होतात, हे सईने त्यांना सांगितलं होतं. त्या पेनाचं टोक एकेका चौकोनावर ठेवत खाली उतरू लागल्या. सातला शाळा. दीडला व्हॅन. जेवण. चार ते पाच ट्यूशन, पाच ते पावणेसहा खाली खेळ, सहाला दुसरी ट्यूशन, साडेसातला गृहपाठ. "एकच चौकोन हवाय ना? पंधरा मिनिटं?" पेन नऊच्या चौकोनावर येऊन थांबलं.

"तिथे हात लावू नकोस," आजी म्हणाल्या. "तेव्हा तो झोपलेला असतो."